पायलट आणि एटीसीचं रेडिओवरचं बोलणं खरंच ढासळलंय का?

घाटकोपर_गच्ची:
मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. भाचा बारामतीला फ्लाइंग शिकतोय, सध्या त्याची रेडिओच्या परीक्षेची तयारी चालू आहे. घरी आला की दिवसभर अल्फा ब्राव्हो चार्ली, आणि त्याच्या पुस्तकात प्रत्येक वाक्य कसं बोलायचं ते ठरलेलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पण आम्ही दोघं यूट्यूबवर परदेशातल्या एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) क्लिपा ऐकतो त्यात पुस्तकातलं काही सापडतच नाही. कोणी नुसतं 'रॉजर' म्हणून मोकळा, कोणी आपला कॉलसाइनच (विमानाचं रेडिओवरचं नाव) सांगत नाही, कोणी माइकचं बटण दोनदा टकटक करतो की झालं उत्तर. न्यूयॉर्कचे कंट्रोलर तर इतक्या वेगात बोलतात की मला सबटायटल असूनही कळत नाही. भाच्याचे इन्स्ट्रक्टर म्हणे सारखे म्हणतात की आमच्या वेळी आरटी (रेडिओवरचं ठरावीक बोलणं) म्हणजे आरटी होती, आता सगळा बाजार झालाय.

मी बँकेतला माणूस, विमानं फक्त गच्चीवरून बघतो, रनवे २७ ला उतरणारी सगळी आमच्या डोक्यावरूनच जातात. तर जाणकारांना विचारायचंय की हे खरंच बिघडलंय की प्रत्येक पिढी म्हणते तसंच हे पण? आणि बिघडलं असेल तर त्याने काही फरक पडतो का, की नुसता शिस्तीचा सोस आहे? दोन वर्षांपूर्वी मुंबईत एक विमान रनवेवरून उठत असतानाच मागून दुसरं उतरलं होतं, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल, तो याच प्रकारातला का?

टॉवरचा_म्हातारा:
नमस्कार. मी एटीसीत होतो, आता निवृत्त. कुठल्या स्टेशनला किती वर्षं ते राहू दे.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न निकालात काढतो. ८ जून २०२४ चा तो प्रकार, इंदूरहून आलेलं विमान २७ वर उतरलं आणि पुढचं अजून रनवे सोडून उठत होतं. दोन्ही कंपन्यांनी तेव्हाच सांगितलं की आमच्याकडे क्लिअरन्स (एटीसीची परवानगी) होती. म्हणजे कोणी काही चुकीचं ऐकलं असा तो विषयच नाही, तो दोन विमानांमधल्या अंतराचा विषय आहे. आरटीच्या खात्यात तो टाकू नका.

आता मूळ प्रश्न. यात दोन गोष्टींची गल्लत होते नेहमी. एक म्हणजे बोलण्यातला पसारा, 'नमस्कार मुंबई', 'जय हिंद', 'फुल्ली रेडी', 'गुड डे सर', असलं सगळं. हे पुस्तकात नाही, पण त्याने कोणी मरत नाही. एकट्या विमानाने रात्री तीन वाजता नमस्कार केला तर मी पण नमस्कार करायचो, माणूसच आहे. पण मुंबईत संध्याकाळी परिस्थिती अशी की दोन रनवे असून ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालवायचा, आणि तासाला चाळीसच्या वर विमानं. म्हणजे साधारण सव्वा-दीड मिनिटाला एक उतरणार नाहीतर उठणार. प्रत्येकाने एकेक नमस्कार केला की कंट्रोलरला श्वास घ्यायला जागा राहत नाही आणि ज्याला खरंच काही महत्त्वाचं सांगायचंय तो बटणावर बोट ठेवून वाट बघत बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रीडबॅक. इथे मात्र मी अजिबात ऐकून घेणार नाही. कंट्रोलरने उंची दिली, दिशा दिली, वेग दिला, रनवे सांगितला, अल्टिमीटरचं सेटिंग दिलं, ट्रान्सपॉन्डरचा (रडारवर विमानाची ओळख दाखवणाऱ्या यंत्राचा) कोड दिला, रनवेवर यायची किंवा ओलांडायची किंवा रनवेच्या आधी थांबायची सूचना दिली, तर पायलटने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं आणि शेवटी आपला कॉलसाइन लावायचा. वाण्याला फोनवर यादी सांगितली की तो नाही का परत वाचून दाखवत, दोन किलो तूरडाळ, एक किलो रवा, तसं. आणि वाणी वाचत असताना तुम्ही टीव्ही बघत हो हो म्हणालात तर घरी मसूर येणार, चूक कोणाची? दोघांची. पायलटचं परत म्हणणं म्हणजे रीडबॅक आणि ते कंट्रोलरने कान देऊन ऐकणं म्हणजे हिअरबॅक. लोक शिव्या नेहमी पहिल्याला घालतात, माझ्या मते जास्त वेळा निसटतं ते दुसरं. कारण आपण जे सांगितलं तेच समोरून येणार असं मन आधीच ठरवून बसलेलं असतं. 'वन वन थाउजंड' सांगितलंय, समोरून 'वन झीरो थाउजंड' आलं तरी कान त्याला अकराच ऐकतात. त्यात त्याच क्षणी बाजूचा फोन वाजतोय, पुढच्या विमानाची स्ट्रिप (माहितीची पट्टी) हातात आहे.

'रॉजर' बद्दल. रॉजर म्हणजे तुझं शेवटचं बोलणं पूर्ण मिळालं, बस, त्याच्यापुढे काही नाही. करतो असं नाही, हो असं पण नाही. मी उंची दिली आणि समोरून नुसतं रॉजर आलं तर मला काय कळलं? काहीच नाही. आता परत विचारा, म्हणजे एकाच्या जागी चार ट्रान्समिशन झाली. वेळ वाचवायला गेला आणि फ्रीक्वेन्सी खाल्ली. माइक टकटकवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, ती टकटक कोणाची ते देव जाणे.

उजवी_सीट:
काकांचं सगळं मान्य, पण एक बाजू राहिली म्हणून लिहितोय. मी एअरबसवर फर्स्ट ऑफिसर आहे, कंपनी विचारू नका.

आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्याच आरटीच्या पुस्तकात लिहिलंय की बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांच्या वर नको. आता कुठल्याही मोठ्या एअरपोर्टवर पीक अवरला घड्याळ लावून बघा. एका दमात दिशा, उंची, वेग, आयएलएसची (रेडिओच्या मार्गदर्शनाने उतरायची) क्लिअरन्स आणि वर टॉवरची फ्रीक्वेन्सी, असे पाच आयटम येतात, त्यात आम्ही तेव्हा फ्लॅप टाकत असतो नाहीतर चेकलिस्ट मधेच सोडलेली असते. पाचातले चार बरोबर परत म्हटले आणि पाचवा गाळला तर तो पायलटचा 'घसरलेला दर्जा' होतो. कंट्रोलरने तेच दोन तुकड्यांत दिलं असतं तर प्रश्नच आला नसता. म्हणजे शिस्त दोन्हीकडून हवी ना. मला सगळ्यात सेफ कोण वाटतं माहितीये, जो कंट्रोलर सावकाश बोलतो. त्याचं एकदाच ऐकावं लागतं.

दुसरं, कॉलसाइन. आपल्याकडे एकाच कंपनीची डझनभर विमानं एका फ्रीक्वेन्सीवर असतात, सगळ्यांचं नाव 'आयफ्लाय' ने सुरू आणि पुढचे आकडे पण बहीण-भावासारखे. म्हणून तर आता आकड्यांच्या शेवटी अक्षरं लावलेले कॉलसाइन आले. तरीही एखाद्याची क्लिअरन्स दुसराच उचलतो, आणि अशा वेळी कॉलसाइन न लावता रीडबॅक दिला तर कंट्रोलरला पत्ता लागत नाही की चुकीच्या माणसाने हो म्हटलंय. काकांनी रीडबॅकवर जोर दिला, मी म्हणेन कॉलसाइन गाळणं त्याहून वाईट. आकडा चुकला तर कोणीतरी पकडेल, बोलणारा माणूसच कोण ते माहीत नसेल तर पकडणार कोणाला?

आपल्याकडची एक खास सवय म्हणजे 'चार्ली'. 'चार्ली चार्ली' म्हणजे बरोबर, हे भारतात सगळ्यांना कळतं, पण परदेशी पायलटला ते सी अक्षर वाटणार. जमिनीवर टॅक्सी करताना तर ते टॅक्सीवेचं, म्हणजे रनवेला जायच्या रस्त्याचं नाव वाटेल. दिल्ली-मुंबईत बोलताना चालून जातं, आणि मग तोच पायलट दुबईला जाऊन पण तेच बोलतो. तोंडाला बसलेली गोष्ट सीमेवर उतरवून ठेवता येत नाही.

शिवडीचा_संशयात्मा:
मला या 'पूर्वी सगळं सोन्यासारखं होतं' चा मनापासून कंटाळा आहे.

टेनेरिफ, २७ मार्च १९७७. दोन जंबो, धुकं, एकच रनवे, ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीतला आजवरचा सगळ्यात मोठा अपघात. केएलएमचा कॅप्टन कोण होता, तर कंपनीत इतरांना ७४७ शिकवणारा, जाहिरातीत फोटो असलेला माणूस. त्यांच्याकडून रेडिओवर काय गेलं, 'वी आर नाऊ अॅट टेकऑफ'. म्हणजे काय? टेकऑफच्या जागी उभे आहोत की टेकऑफ करतोय? टॉवरने 'ओके' म्हटलं. ओके! आणि त्याच्यापुढे थांबा, मी सांगतो असं म्हणायला लागला त्याच वेळी पॅनअॅमवाल्यांनी आम्ही अजून रनवेवरच आहोत म्हणून बटण दाबलं, दोन्ही आवाज एकमेकांवर चढले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये नुसती शिट्टी ऐकू आली. तरी फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की तो अजून बाजूला झाला नाही का. ही तुमची सुवर्णकाळातली आरटी.

आज जी शिस्त आहे ती उलट या अपघातानंतर आली. 'टेकऑफ' हा शब्द आता फक्त खरी टेकऑफ क्लिअरन्स देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. म्हणून भाच्याच्या पुस्तकात 'रेडी फॉर डिपार्चर' असतं, रेडी फॉर टेकऑफ नसतं. सांगा त्याला, लक्षात राहील.

आणि मुंबईचंच जुनं उदाहरण हवं असेल तर २४ सप्टेंबर १९७२, जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढे निघून गेलं. नशिबाने कोणी दगावलं नाही. ते काही रेडिओमुळे झालं असं मी म्हणत नाही, पण 'आमच्या वेळी' वाल्यांनी ते पण आठवावं.

फरक एवढाच पडलाय की तेव्हाचं बोलणं टेपमध्ये बंद असायचं, अपघात झाला तरच बाहेर यायचं. आता कोणी जरा आवाज चढवला की संध्याकाळपर्यंत यूट्यूबवर थंबनेलसकट हजर, 'कंट्रोलर संतापला!!'. जे व्यवस्थित बोलतात त्यांची क्लिप कोण बघणार? अमेरिकेत नव्वदच्या दशकात तासन्‌तास टेपा ऐकून मोजदाद केली होती तेव्हा चुकीचे रीडबॅक शंभरात एकाच्या पण खाली निघाले. तेव्हा घसरलंय असं म्हणणाऱ्यांनी आधी कशाच्या तुलनेत ते सांगावं.

टॉवरचा_म्हातारा:
शिवडीकर, तुमचा मुद्दा रास्त आहे, टेनेरिफच्या आधी आम्ही लोक काही देव नव्हतो. पण शंभरात एक म्हणजे कमी वाटतं का तुम्हाला? एका शिफ्टला मुंबई अॅप्रोचचा माणूस किती क्लिअरन्स देतो त्याचा हिशेब करा. आणि मोजलेल्या चुका म्हणजे उघड चुका, आकडाच वेगळा म्हटला अशा. अर्धवट रीडबॅक, कॉलसाइन नाही, नुसतं रॉजर, हे वेगळं धरतात, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे. चूक होणारच, ती पकडायची जाळी विरत चाललीय.

उजवी सीट, तुमचं पण पटतं. पाच आयटम एकदम देणारे कंट्रोलर मी पण बघितलेत, त्यातले काही हुशारी समजून द्यायचे.

डोंबिवली_फास्ट_नाही:
मला वाटतं मूळ प्रश्न इंग्रजीचा आहे. चरखी दादरी विसरलात का? १२ नोव्हेंबर १९९६, सौदीचं जंबो आणि कझाकस्तानचं आयएल-७६, हवेत टक्कर, ३४९ लोक गेले, कझाक लोकांना इंग्रजी नीट येत नव्हतं म्हणून. उगाच बाकी चर्चा कशाला.

टॉवरचा_म्हातारा:
अहो डोंबिवलीकर, इंग्रजी हा त्यातला एक भाग होता, पण 'इंग्रजी येत नव्हतं' एवढंच म्हणून सुटता येत नाही. त्या आयएल-७६ मध्ये रेडिओवर पायलट बोलतच नव्हते, त्याला वेगळा रेडिओ ऑपरेटर होता. म्हणजे दिल्लीचा कंट्रोलर सांगणार इंग्रजीत, ऑपरेटर ते समजून घेणार, मग पायलटला सांगणार आपल्या भाषेत, आणि ज्याला सूचना कळली त्याच्या स्वतःसमोर उंचीचं मीटर नाही. त्यांना १५० (म्हणजे १५,००० फूट) दिली होती, समोरून सौदी १४० वर येत होतं, कंट्रोलरने समोरच्या विमानाची माहिती अंतरासकट दिली होती. आणि तरी कझाक विमान १५० च्या खाली गेलं. त्यांच्याकडे बोलणारं तोंड एक आणि चालवणारे हात दुसरे.

त्यानंतर लाहोटी आयोग बसला, विमानांना टक्कर टाळायचं टीकास यंत्र आपल्याकडे सक्तीचं झालं, दिल्लीला येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे केले. जगभरात इंग्रजीची पातळी ठरवून परीक्षा आल्या त्यामागे पण अशा अपघातांचा हात आहे. आता लेव्हल ४ म्हणजे किमान, ती दर तीन वर्षांनी परत द्यायची, ५ वाल्यांनी सहा वर्षांनी, ६ मिळाली की सुटलात.

उजवी_सीट:
आणि लेव्हल ६ वाले, म्हणजे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, तेच फ्रीक्वेन्सीवर सगळ्यात जास्त डोकं उठवतात हे पण लिहा 😄 अमेरिकन माणूस पुस्तकातलं सोडून गल्लीतलं इंग्रजी बोलतो आणि बिचारा आपला नाहीतर कोरियन पायलट घामाघूम. 'डेसिमल' च्या ऐवजी 'पॉइंट', आणि कधीकधी तेही गायब. रनवेवर उभं राहून थांबायला 'लाइन अप अँड वेट' म्हणायचं हे बाकी जग कधीपासून म्हणत होतं, अमेरिकेने ते २०१० मध्ये घेतलं, तोपर्यंत त्यांचं वेगळंच 'पोझिशन अँड होल्ड'.

इंग्रजी उत्तम असूनही गोंधळ कसा होतो त्याचं एक उदाहरण देतो. १९ फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूर, फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू ७४७. कंट्रोलरने २४०० फुटांपर्यंत उतरायला सांगितलं, 'डिसेंड टू फोर झीरो झीरो' अशा धाटणीत. कॉकपिटमधल्यांनी तो 'टू' म्हणजे 'पर्यंत' धरला, उरले ४००. त्यांनी रीडबॅक पण 'ओके, फोर झीरो झीरो' असाच दिला, म्हणजे चूक कंट्रोलरच्या कानावर आली होती. कोणी टोकलं नाही. विमान टेकडीवर गेलं, चौघंही गेले. क्रू अमेरिकन होता हो डोंबिवलीकर, इंग्रजी त्यांना घरचं. ब्रिटनमध्ये म्हणून फ्लाइट लेव्हल सांगताना तो 'टू' गाळतातच.

डोंबिवली_फास्ट_नाही:
ठीक आहे ठीक आहे, एकट्या इंग्रजीवर ढकलत नाही. पण न्यूयॉर्कचं ते कोलंबियाचं विमान? इंधन संपून पडलेलं, ते तरी भाषेचंच ना?

शिवडीचा_संशयात्मा:
अॅव्हिआंका ५२, २५ जानेवारी १९९०. ७३ गेले. ते भाषेचं पण आणि भीडेचं पण. हवा खराब, तासाच्या वर घिरट्या घालायला लावलं, फर्स्ट ऑफिसर सांगतोय की आम्हाला 'प्रायॉरिटी' द्या, इंधन संपत आलंय. पण इंधन कमी आहे हे त्या संध्याकाळी थोडंफार प्रत्येकाचंच असणार, कंट्रोलरने ते तसंच घेतलं. 'मेडे' किंवा 'इमर्जन्सी' हा शब्द एकदाही रेडिओवर गेला नाही. तो शब्द गेला असता तर सगळं थांबवून त्यांना रनवे दिला असता. कॅप्टन विचारत होता की सांगितलंस ना इमर्जन्सी म्हणून, आणि बाजूचा म्हणतोय हो सांगितलं. इथे इंग्रजी कमी पडलं म्हणा, पण मला तर वाटतं ठरलेले शब्द याच्यासाठीच असतात, की भीड वाटली, घाबरलात, भाषा तोकडी पडली तरी एका शब्दात काम व्हावं. आपल्याकडे पण 'सर जरा बघा ना आमचं' अशा सुरात मागायची सवय आहे, ती मला जास्त धोक्याची वाटते.

पार्ले_टिळक_बॅच:
चर्चा भारी चालू आहे, मला एक भर घालू द्या, कारण सगळे जण रीडबॅकवर येऊन थांबतायत. हानेडा, २ जानेवारी २०२४. कोस्ट गार्डच्या छोट्या विमानाला टॉवरने सांगितलं, 'नंबर वन, टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट सी फाइव्ह'. समोरून रीडबॅक आला, होल्डिंग पॉइंट सी फाइव्ह, नंबर वन, थँक यू. अगदी पुस्तकासारखा. कॉलसाइनसकट. काका, यात तुम्ही काय पकडलं असतंत? आणि तरी ते विमान थांबायच्या रेषेपुढे जाऊन रनवेवर उभं राहिलं आणि मागून जपान एअरलाइन्सचं ए३५० त्याच्यावर उतरलं. मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ बाहेर पडले, हा चमत्कारच, कोस्ट गार्डचे सहापैकी पाच गेले.

'नंबर वन' म्हणजे उठणाऱ्यांच्या रांगेत तू पहिला. भूकंपाची मदत घेऊन चाललेल्या, घाईत असलेल्या माणसाला ते कसं ऐकू आलं असेल? की बाबा तुझा नंबर लागला, जा. अपघातानंतर जपानमध्ये हे नंबर सांगणं काही काळ बंदच ठेवलं होतं. म्हणजे पुस्तकातला, बरोबर वापरलेला शब्द पण घात करू शकतो.

टॉवरचा_म्हातारा:
काही पकडलं नसतं. तिथे कानाने पकडण्यासारखं नव्हतंच, डोळ्याने होतं, रनवेवर विमान दिसणं नाहीतर स्क्रीनवरची वॉर्निंग. तुमचं उदाहरण चांगलं आहे, रीडबॅक म्हणजे पोपटपंची नव्हे. पण त्यावरून कोणी असं म्हणू नका की मग रीडबॅकचा उपयोगच काय. दहातल्या नऊ गोष्टी त्याने अडतात म्हणून तर दहावी आपल्याला दिसते. मी माझ्यापुरता एक नियम पाळायचो, ज्याला थांबायला सांगायचंय त्याला गरज नसलेली चांगली बातमी सोबत द्यायची नाही. 'होल्ड शॉर्ट' एवढंच. तुझा नंबर कितवा, पुढे कोण, ते नंतर. थांब या शब्दाशेजारी आशा लावणारं काही ठेवलं की माणूस तेवढंच ऐकतो.

आणि मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर देतो, कारण गच्चीवाले वाट बघत असतील. इंग्रजी सुधारलंय, यंत्रं सुधारलीत, विमानं पण आता कितीतरी जास्त झालीत. मला जे ढासळलेलं दिसतं ते ओळखीमुळे ढासळलंय. मुंबई-दिल्ली रोज करणारा पायलट आणि रोजचा कंट्रोलर, दोघांना पुढचं वाक्य आधीच माहीत असतं, मग अर्धं बोललं तरी चालतं, आणि ३६४ दिवस खरंच चालतं. नवीन स्टेशनला गेलेला माणूस बघा, तोच पायलट तिथे पुस्तकासारखा बोलतो. म्हणजे येत सगळ्यांना असतं, आपल्या अंगणात कोणी करत नाही. इन्स्ट्रक्टर म्हणतात तसा बाजार वगैरे मला वाटत नाही.

घाटकोपर_गच्ची:
काका आणि सगळेच, खूप आभार, भाच्याला लिंक पाठवली. त्याने दोन प्रश्न विचारलेत. एक, आजच्या काळात विमानात अजून हा जुनाट खरखरीत एएम रेडिओ का, मोबाइलवर एवढा स्वच्छ आवाज येतो तर? आणि दोन, हे सगळं मेसेज टाइप करून का नाही पाठवत, म्हणजे ऐकण्याचा प्रश्नच मिटला? आणि एक माझा, मुंबई टॉवर ऐकायला एखादा छोटा रेडिओ घेतला तर चालेल का?

उजवी_सीट:
दुसऱ्याचं उत्तर आधी. पाठवतात की. अरबी समुद्रावर मुंबईची हद्द पार लांबवर जाते, तिथे व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) पोचत नाही, पूर्वी एचएफवर (लांब पल्ल्याच्या रेडिओवर) मुंबईला हाका मारत बसायचो, त्यातून अर्धं ऐकू यायचं आणि अर्धं कोणाचं तरी दुसऱ्याचंच. आता तिथे सीपीडीएलसी आहे, म्हणजे मेसेजच, उंची मागितली, उत्तर स्क्रीनवर आलं, वाचलं, बटण दाबलं. सुंदर प्रकार. पण तो मेसेज जाऊन यायला वेळ लागतो, आणि फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, चार मैलांवर असताना कोण खाली मान घालून वाचत बसणार? 'गो अराउंड' (उतरू नको, परत वर जा) मेसेजने सांगून चालेल का? शिवाय फ्रीक्वेन्सीवर सगळे सगळ्यांचं ऐकत असतात. पुढच्याला झटके बसतायत, पुढचा गो अराउंड झाला, रनवेवर पक्षी आहेत, हे आम्हाला आपोआप कळतं. मेसेजमध्ये ते गेलं. पावसाळ्यात मुंबईला येताना पुढच्या दोन विमानांचं बोलणं ऐकूनच अर्धी तयारी होते आमची.

शिवडीचा_संशयात्मा:
पहिल्याचं मी देतो, थोडंफार हॅमवालं (हौशी रेडिओवालं) डोकं आहे. एएम मुद्दाम ठेवलाय. एफएमवर दोघं एकदम बोलले तर ज्याचा सिग्नल जोरात तो दुसऱ्याला पूर्ण गिळतो, ऐकणाऱ्याला पत्ता पण लागत नाही की आणखी कोणी बोलत होतं. एएममध्ये दोघांची खिचडी होऊन ती किंचाळणारी शिट्टी येते. शिट्टी आली म्हणजे निदान कळतं की कोणाचं तरी काहीतरी बुडालं, परत विचारा. टेनेरिफला ती शिट्टी आलीच होती, परत विचारलं नाही कोणी.

आणि रेडिओचं म्हणाल तर नका पडू त्या भानगडीत. आपल्याकडे वायरलेस सेट जवळ बाळगायलाच परवाना लागतो, हा १९३३ सालच्या कायद्यापासूनचा खाक्या आहे, आणि ऑनलाइन स्वस्तात मिळतात त्या वॉकीटॉकींवरून विमानतळाजवळ राहणाऱ्याने प्रयोग केले तर पोलीस दारात. फ्लाइटरडार बघा, यूट्यूब ऐका, गच्ची आहेच.

बारामती_सर्किट:
मीच तो भाचा 🙏 मामांनी लिंक दिली. सगळ्या काका-दादांना थँक्यू, 'डिपार्चर' वालं कारण आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, फक्त पाठ करा एवढंच. आमच्याकडे सगळे एका ठरावीक नोट्सवरून पाठांतर करतात, एक काल्पनिक फ्लाइट असते तिचं पूर्ण संभाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत घोकायचं, तोंडी परीक्षेत समोरच्याने मधेच काही वेगळं विचारलं की सगळ्यांची विकेट. ही परीक्षा दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे (हवाई वाहतुकीच्या नियामकाकडे) द्यायचं ठरलंय, नवीन वायुयान कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला त्यात ते आहे. पॅटर्न बदलेल या आशेवर काही जण थांबलेत, काही म्हणतात जुन्यावरच उरकून घेऊ. तुम्ही काय म्हणता काका?

टॉवरचा_म्हातारा:
थांबू नकोस, देऊन टाक. खातं कुठलंही असो, फ्रीक्वेन्सी तीच आहे.

आणि घोकंपट्टी करायचीच तर अशी कर. मित्राला कंट्रोलर कर, त्याला सांग की पाचातली एक क्लिअरन्स मुद्दाम चुकीची दे, नाहीतर तू रीडबॅक दिल्यावर त्यात चूक काढून टोक. आणि तूही कंट्रोलर हो, त्याच्या रीडबॅकमधली चूक पकड. बाजूला कोणालातरी मोठ्याने टीव्ही लावून बसव. तोंडी परीक्षेत अडकलास तर 'से अगेन' म्हण, बिनधास्त म्हण. परीक्षकाला राग येईल म्हणून अंदाजाने उत्तर देणारी मुलं मी बघितलीत, तीच पुढे कॉकपिटमध्ये पण अंदाजानेच उत्तर देतात.

बारामती_सर्किट:
से अगेन 😄

उजवी_सीट:
घ्या, तयार झाला पोरगा. कॉलसाइन लाव रे शेवटी.